बिनसर : विजेची तार जिथे पोचत नाही त्या घरात चार दिवस

उत्तराखंडातल्या अल्मोड्याहून साधारण ३३ किलोमीटरवर, झंडीधारच्या डोंगररांगेवर बिनसरचं जंगल आहे. कुमाऊंच्या चंद राजांची ही उन्हाळी राजधानी. इंग्रज आले तेव्हा त्यांच्या साहेबांनीही उन्हाळ्यासाठी हाच माथा निवडला आणि दगडी बंगले बांधले. १९८८ साली इथे अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र जेमतेम ४७ चौरस किलोमीटर, पण पायथा ९०० मीटरवर आणि माथा २४०० मीटरच्या वर, त्यामुळे एवढ्याशा जागेत चीडही (पाइन) आहे, बांजही (ओक) आहे आणि देवदारही. जुन्या खासगी जमिनी आणि त्यांवरची घरं अभयारण्याच्या आतच राहिली. त्यातल्या काही घरांत आज पाहुण्यांची सोय होते. जाड गाद्या, गरम पाणी, उत्तम जेवण, पुस्तकांनी भरलेली बैठकीची खोली, सगळं असतं. नसते ती विजेची तार आणि बहुतेकदा दारापर्यंतचा रस्ता.

अशा घरात आराम मिळतो तो ऊन, पाणी आणि लाकूड या तीन गोष्टींच्या हिशोबावर. हा हिशोब समजून गेलेला पाहुणा चार दिवस सुखात राहतो. न समजता गेलेला पहिल्याच रात्री हीटर मागतो आणि नाराज होतो. म्हणून इथे दिवसागणिक प्रवासाबरोबर घर कसं चालतं तेही सविस्तर लिहिलं आहे.

हंगाम नोव्हेंबरच्या मध्याचा धरला आहे. सप्टेंबरअखेर पाऊस ओसरतो आणि ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबर संपेपर्यंत हवा धुतल्यासारखी स्वच्छ असते. बुरांशची लाल फुलं पाहायची तर मार्च-एप्रिल, पण तेव्हा शिखरं दुपारपर्यंत धुरकटतात. मे-जूनमध्ये वणव्यांच्या धुरामुळे हिमालय दिसेलच याची खात्री नसते. जानेवारीत बर्फ सुंदर दिसतं, मात्र वरचा रस्ता बंद होऊ शकतो. पॅनलवर बर्फ साचलं की वीजही थांबते.

जागा ठरवताना फोनवर पाच गोष्टी विचाराव्यात. पॅनल किती किलोवॅटचे आहेत, बॅटऱ्या किती, पाणी कुठून येतं, अंघोळीचं पाणी कशावर तापतं, आणि गाडी सोडल्यावर किती चालायचं आहे. ज्या घराला ही उत्तरं चटकन देता येतात ते घर नीट चाललेलं असतं. "सगळं आहे, काळजी नको" एवढंच उत्तर आलं तर दुसरीकडे चौकशी करावी.

सामानाबद्दल थोडंसं. चाकांची मोठी बॅग इथे निरुपयोगी. पाठीवरची किंवा कापडी बॅग, माणशी १२ किलोच्या आत. हजार-दीड हजारांच्या सुट्या नोटा, डोक्याला लावायची विजेरी आणि २०,००० एमएएचची पॉवर बँक घ्यावी. ही पॉवर बँक ७४ वॉट-तासांची होते, म्हणजे विमानातल्या १०० वॉट-तासांच्या मर्यादेत बसते. हेअर ड्रायर, इस्त्री, विजेची किटली घरीच राहू द्यावी. कारण दुसऱ्या दिवसात येईल.

पहिला दिवस : काठगोदाम ते घर

दिल्लीहून रात्री निघणारी रानीखेत एक्सप्रेस पहाटे पाचच्या सुमारास काठगोदामला पोचते. सकाळची शताब्दीही आहे, पण ती दुपारच्या तोंडावर उतरवते आणि नोव्हेंबरात ते परवडत नाही. बिनसरला या दिवसांत सव्वापाचला सूर्य मावळतो आणि शेवटची चाल उजेडात संपवायची असते. म्हणून रात्रीची गाडीच बरी.

गाडी लागण्याचा त्रास असेल तर गोळी स्टेशनवर उतरल्याबरोबर घ्यावी, घाट सुरू झाल्यावर नाही. काठगोदाम साडेपाचशे मीटरवर आहे आणि भवाली त्याच्या तिप्पट उंचीवर. ही चढाई तासाभरात होते आणि सगळी वळणं याच टप्प्यात आहेत. मागच्या सीटवर बसून मोबाइल पाहणाऱ्याला हमखास उलटी होते.

भवालीनंतर कैंची धाम, म्हणजे नीम करोली बाबांचा आश्रम. शनिवार-रविवारी दिवस चढला की इथे गाड्या तासन्‌तास अडकतात. पहाटे निघाल्याचा खरा फायदा हाच, सातच्या आत कैंची मागे पडतं. १५ जूनला तिथे स्थापनादिनाची मोठी यात्रा असते, त्या दिवसांत हा रस्ता धरूच नये. पुढे गरमपानी, खैरना. गरमपानीला पुरी आणि पहाडी रायता खाऊन घ्यावा. काकडी किसून दह्यात कालवलेली आणि त्यात वाटलेली राई, पहिल्या घासालाच नाकात झणका जातो.

खैरन्यापुढे रस्ता कोसी नदीच्या काठाने जातो. क्वारबजवळचा डोंगर गेली काही वर्षं सतत खचतो आहे. पाऊस नसतानाही तिथे दगड येतात आणि वाहतूक थांबवून सोडली जाते. आदल्या रात्री ड्रायव्हरला विचारून ठेवावं. क्वारब बंद असेल तर दोन वाटा आहेत, खैरन्याहून रानीखेतमार्गे, किंवा भीमताल-धानाचूली-शहरफाटक-लमगडामार्गे अल्मोडा. दोन्हींना दीड-दोन तास जास्त लागतात, म्हणून हे काठगोदामलाच ठरवायला हवं. खैरन्यापर्यंत येऊन मग शहरफाटक आठवलं तर सकाळ वाया जाते.

अल्मोड्यात नऊ-साडेनऊपर्यंत पोचता येतं. शेवटचं भरवशाचं एटीएम, शेवटचं औषधाचं दुकान आणि शेवटचा पेट्रोल पंप इथलाच समजावा. लाला बाजारात बाल मिठाई घ्यावी. भाजलेल्या खव्याची तपकिरी वडी आणि वरून साखरेचे पांढरे दाणे. मालूच्या पानात गुंडाळलेली सिंगोडी त्याच दिवशी खायची, बाल मिठाई मात्र थंडीत आठ-दहा दिवस टिकते. वेळ असेल तर तांबटांच्या आळीतून चक्कर मारावी. टम्टा कारागीर हातोडीने ठोकून घडवतात त्या तांब्याच्या गागरीत डोंगरातल्या घरांत अजूनही पाणी भरलं जातं.

अल्मोड्याहून कसारदेवीची धार, दीनापानी आणि मग अयारपानीला अभयारण्याचं फाटक. नावं नोंदवायची, माणशी आणि गाडीचं प्रवेशशुल्क रोख भरायचं. फाटकापासून माथ्याजवळच्या सरकारी विश्रामगृहापर्यंत दहा-अकरा किलोमीटर अरुंद रस्ता आहे. इथे खिडक्या उघड्या ठेवाव्यात. फाटकाखाली चीड असतो, जमीन कोरडी, सुयांनी झाकलेली. वर जाल तसा बांज दाटतो, खोडांवर शेवाळ आणि दगडफूल दिसू लागतं आणि हवेतला गारवा एकदम वाढतो. पाणी कुठल्या जंगलात टिकतं हे गाडीत बसल्याबसल्या कळतं.

आपलं घर रस्त्यापासून अडीच किलोमीटरवर. चढ दीडशे मीटरचा, वाट जुनी, खेचरं जातील एवढी रुंद. रमतगमत पाऊण तास. सामान उचलायला घराची माणसं किंवा खेचर येतं. एका खेचरावर चार बॅगा निवांत जातात. कॅमेरा, औषधं, पाण्याची बाटली आणि एक स्वेटर मात्र स्वतःच्या पाठीवर ठेवावं, कारण खेचर आणि आपण एकाच वेळी पोचत नाही. गुडघ्यांचा त्रास असलेल्या वडीलधाऱ्यांसाठी चालण्याची काठी आधीच मागून ठेवावी. परतीचा उतार चढापेक्षा जास्त दुखवतो.

दुपारी दोनपर्यंत घरी. पहिल्या दिवशी आणखी काही करू नये. २३००-२४०० मीटर ही काही विरळ हवेची उंची नव्हे, पण रात्रभरची रेल्वे, घाट आणि चढ एका दिवशी झाल्यावर डोकं जड होतं. भरपूर पाणी, साधं जेवण आणि नऊला झोप.

दुसरा दिवस : शिखरं, बॅटऱ्या आणि पाण्याच्या टाक्या

सहाला उठायचं. सूर्य साडेसहाच्या पुढेमागे घरावर येतो, पण शिखरांवर उजेड त्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधी पडतो. आधी राखाडी, मग क्षणभर गुलाबी, मग केशरी. तीनशे किलोमीटरची रांग समोर असते, म्हणून ओळखायची सुरुवात त्रिशूलपासून करावी. तीन टोकांचं, सगळ्यांत ठसठशीत दिसणारं शिखर ते त्रिशूल, ७१२० मीटर. त्याच्या डावीकडे नंदा घुंटी आणि बरंच पलीकडे चौखंबा. उजवीकडे मृगथुनी, मैकतोली, आणि त्यांच्या मागून डोकावणारं जुळं शिखर ते नंदादेवी, ७८१६ मीटर. नवख्याला त्रिशूलच उंच वाटतो, कारण तो अलीकडे आहे आणि नंदादेवी पाठीमागच्या कोंदणात. आणखी उजवीकडे नंदाकोट, तंबूसारखा उतरत्या खांद्यांचा. मग पंचचूलीची पाच टोकं. दहा वाजेपर्यंत दरीतून ढग उठायला लागतात, तेव्हा दुर्बीण सकाळीच वापरून घ्यावी.

न्याहारीनंतर घराचा व्यवस्थापक मोकळा असेल तर बॅटरीची खोली दाखवायला सांगावं. अशा घरांत ही खोली स्वयंपाकघराइतकीच महत्त्वाची. आकडे घराघरांत बदलतात. सहा खोल्यांच्या घराला पुरणारी मांडणी साधारण अशी असते : छपरावर किंवा मोकळ्या उतारावर दक्षिणेकडे तोंड करून ३ किलोवॅटचे पॅनल, आत १२ व्होल्ट १५० अँपिअर-तासांच्या आठ ट्यूब्युलर बॅटऱ्या, चार-चारच्या दोन माळांत जोडून ४८ व्होल्ट, आणि ३ केव्हीएचा इन्व्हर्टर.

नोव्हेंबरात पूर्ण ताकदीचं ऊन दिवसाला चार तासांइतकं धरतात. तीन गुणिले चार म्हणजे बारा युनिट. त्यातून तारा, चार्जर, बॅटरी यांतली पाव भाग घट वजा केली की हाती नऊ युनिट. बॅटऱ्यांत कागदावर चौदा युनिट मावतात, पण शिशाची बॅटरी अर्ध्याखाली वारंवार उतरवली की तिचं आयुष्य झपाट्याने कमी होतं. म्हणजे वापरायची ती सातच. एलईडी दिवे, दीडशे लिटरचा फ्रिज, पाण्याचा पंप, मिक्सर आणि सगळ्यांचे फोन मिळून घराला रोज साडेतीन युनिट लागतात. दोन दिवस ढगाळ गेले तरी घर उजळलेलं राहावं, हा त्या सात युनिटांमागचा हिशोब आहे.

आता यात दोन किलोवॅटचा हीटर आठ तास लावला की सोळा युनिट जातात. साठवणीच्या दुपटीहून जास्त. हॉटेलात जी गोष्ट बटणावर मिळते ती इथे मागता येत नाही, त्याचं कारण एवढं साधं आहे.

किटली आणि ड्रायरची अडचण निराळी आहे. पाच मिनिटांत त्या फार युनिट खात नाहीत, पण एकदम दीड-दोन हजार वॉट ओढतात. त्याच क्षणी पंप सुरू झाला तर सुरुवातीच्या झटक्यात तोही नेहमीच्या चार-पाचपट ओढतो. भार इन्व्हर्टरच्या क्षमतेबाहेर जातो आणि तो स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडतो. सगळं घर अंधारात. अशा वेळी पुन्हा पुन्हा बटण दाबू नये. आधी जास्त भाराची वस्तू काढायची, मिनिटभर थांबायचं, मग एकदाच रिसेट. सकाळी अंधारात इन्व्हर्टर वारंवार बीप करत असेल तर अडचण भाराची नसून उतरलेल्या बॅटरीची असते, तिथे ऊन येईपर्यंत वाट पाहण्याला पर्याय नाही.

थंडीत बॅटऱ्या आळसावतात. पाच अंशांना शिशाची बॅटरी उन्हाळ्यापेक्षा पंधरा-वीस टक्के कमी देते, म्हणून त्या दक्षिणेकडच्या, दगडी भिंतीच्या खोलीत ठेवतात. चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, तेव्हा वरची झरोक्याची जाळी कधी बुजवायची नाही आणि तिथे काडी ओढायची नाही. लिथियमच्या बॅटऱ्या खोलवर वापरता येतात, देखभालही नाही. मात्र शून्याखाली त्यांना चार्ज करता येत नाही, आणि जानेवारीत हा नियम आठवावा लागतो. पॅनलचं सगळ्यांत जास्त नुकसान करतात बांजाची पानं. एक ओलं पान एका कोपऱ्यात चिकटलं तरी त्या माळेची वीज चांगलीच घसरते. रोज सकाळी मऊ झाडूने पुसायचं, दहिवर गोठलं असेल तर वितळू द्यायचं. तापलेलं पाणी ओतलं की काच तडकते.

आमचं मत असं की फोन-कॅमेरे दुपारी बारा ते तीनच्या दरम्यान लावावेत. बॅटऱ्या तोवर भरत आलेल्या असतात आणि जास्तीची वीज नाहीतर वायाच जाते. रात्री सगळ्यांनी मिळून लावलेले चार्जर साठवणीतून घेतात.

पाण्याचा हिशोब विजेपेक्षा कठीण, कारण ते वर्षातून एकदाच भरून मिळतं. शंभर चौरस मीटर छपरावर हजार मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याचा ऐंशी टक्के गोळा झाला तर ८०,००० लिटर मिळतात. पहिल्या सरीचं पाणी छपरावरची धूळ, पानं, पक्ष्यांची घाण घेऊन येतं, तेव्हा सुरुवातीचे दोनेकशे लिटर वेगळ्या पिंपात सोडून द्यायचे, मग पन्हळ टाकीला जोडायची. घरात पाहुणे आणि माणसं मिळून दहा जण, प्रत्येकी सत्तर लिटर धरले तर रोजचे सातशे. म्हणजे भरलेल्या टाक्या एकशे चौदा दिवस पुरतात. ऑक्टोबरपासून मोजलं की जानेवारीचा शेवट येतो. पुढे हिवाळी पाऊस, बर्फ आणि जवळचा नौला, म्हणजे झऱ्याचं दगडी कुंड. शहरात आपण माणशी १३५ लिटरचं गणित धरतो. त्या दराने वापरलं तर टाक्या डिसेंबर उजाडण्यापूर्वीच संपतील.

म्हणून न्हाणीघरात शॉवर असला तरी बादलीने अंघोळ करावी. नळ सोडल्यावर गरम पाणी येईपर्यंत नळीतलं थंड पाणी वाया जातं. अर्ध्या इंचाची पंधरा मीटर नळी असेल तर दर वेळी दोन-अडीच लिटर. ते बादलीत धरून फ्लशला वापरायचं. नळीच्या पाण्याने दात घासू नयेत. पिण्याचं पाणी गाळून-उकळून दिलेलं असतं, तेच घ्यावं. या उंचीवर पाणी ९२ अंशांनाच उकळतं, तेव्हा बुडबुडे दिसल्यावरही तीन मिनिटं उकळू दिलेलं चांगलं.

अंघोळीची वेळ दुपारी तीन ते पाच. नळ्यांचा सौर बंब निरभ्र दिवशी तीनच्या सुमारास पंचावन्न-साठ अंशांपर्यंत पाणी तापवतो. रात्रभरात ते बरंच निवतं. सपाट काचेचे बंब रात्री गोठून फुटतात, म्हणून इथे निर्वात नळ्यांचे वापरतात. सकाळी अंघोळ हवीच असेल तर लाकडावरचा तांब्याचा बंब आदल्या संध्याकाळी सांगून पेटवायला लावायचा. आजोळच्या मागच्या पडवीतला बंब ज्यांनी पाहिला आहे त्यांना यात काही नवीन वाटणार नाही.

तिसरा दिवस : झिरो पॉइंट, देऊळ आणि खालची गावं

सकाळी सातला निघून झिरो पॉइंट. विश्रामगृहापासून दीड-दोन किलोमीटर, बांज आणि बुरांशच्या सावलीतली सपाट-चढ वाट, टोकाला मनोरा. उंची २४१२ मीटर. वाट सोपी आहे, तरी एकट्याने आणि अंधारात नको. या जंगलात बिबटे आहेत, आणि शरदात काळं अस्वल बांजाच्या फळांसाठी फिरत असतं. अस्वलाला आपली चाहूल आधी लागलेली बरी, तेव्हा बोलत चालावं. काकड, म्हणजे भेकर, भुंकल्यासारखा ओरडू लागला आणि थांबेना, तर जवळपास बिबट्या असण्याची शक्यता असते. तिथून शांतपणे मागे फिरावं.

इथे दोनशेहून जास्त जातींचे पक्षी आहेत आणि ते पाहायला मनोऱ्यापेक्षा वाटेवरचा एखादा कोपरा चांगला. नऊच्या सुमारास उन्हाचा पट्टा जिथे पडतो तिथे वीस मिनिटं उभं राहावं. रामगंगरे, सुतार, कस्तुर असे लहान पक्षी एकत्र टोळीने येतात, पाच मिनिटं फांद्या झाडून काढतात आणि पुढे जातात.

परतताना बिनेश्वर महादेव. देवदारांच्या गर्द राईतलं छोटं दगडी देऊळ. जंगलाला नाव मिळालं ते याच देवावरून. इथून एखाद्या वाटाड्याला घेऊन खालच्या गावांकडे उतरता येतं. दलार, सतरी, रिसाल, गोनाप, कठधारा ही अभयारण्यातली गावं. पायऱ्यापायऱ्यांची शेतं, पाटीच्या दगडाची छपरं, अंगणात वाळत घातलेली मक्याची कणसं. अनेक घरांना कुलपं आहेत, माणसं हल्द्वानी-दिल्लीला गेली. जी राहिली त्यांनी गावातच पाहुण्यांची घरं चालवायला घेतली आहेत. एक रात्र तिथे राहता आलं तर जरूर राहावं. पैसा थेट त्या कुटुंबांच्या हाती जातो.

वाटेत नौला दाखवायला सांगावा. दगडी छपराखाली उलट्या पिरॅमिडसारख्या पायऱ्यांचं लहान कुंड, तळातून पाझरणारं पाणी. चपला बाहेर काढूनच जवळ जायचं. ज्या नौल्याच्या वर बांज आहे तो मे महिन्यातही जिवंत राहतो, हे गावातली कुठलीही बाई सांगेल. बांजाच्या पानांचा ओलसर थर पाणी जिरवतो. चिडाच्या सुया, म्हणजे पिरूल, वाळून तेलकट गालिचा होतो, आणि आग लागते तिथूनच. उत्तराखंडात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्यांचा काळ मानला जातो. १३ जून २०२४ रोजी बिनसरमध्ये वणवा विझवायला गेलेले चार वनकर्मचारी जागच्या जागी गेले. ही घटना माहीत असलेला माणूस या जंगलात सिगारेटचं थोटूक टाकणार नाही, आणि कुणी टाकताना दिसलं तर गप्पही बसणार नाही.

दुपारचं जेवण घरी. मडुव्याची भाकरी म्हणजे आपल्या नाचणीचीच, वर लोण्याचा गोळा. गहतची डाळ म्हणजे कुळीथ. भट या काळ्या सोयाबीनची चुडकाणी भाताबरोबर, भांगेच्या बियांची चटणी (हिने नशा येत नाही), आणि गलगल लिंबाच्या फोडी, मुळा, दही, भांगबी एकत्र कालवून केलेलं सान. ते उन्हात बसून खायचं. वर सांगितलेल्या ९२ अंशांमुळे कडधान्य प्रेशर कुकरशिवाय शिजत नाही, आणि कुकरलाही घरच्यापेक्षा जास्त वेळ लागतो. जेवणाची वेळ आधी सांगितली की स्वयंपाक्याची धावपळ वाचते आणि गॅसही. तो सिलिंडरसुद्धा खेचराच्या पाठीवरूनच आलेला असतो.

संध्याकाळी बुखारी. पत्र्याची किंवा ओतीव लोखंडाची चूल, धुराची नळी छपरातून बाहेर गेलेली. पेटवण्याची रीत पाहून ठेवावी. आधी नळीतली झडप पूर्ण उघडायची आणि खिडकी दोन बोटं. नळी थंडगार असेल तर तिच्यातली जड हवा धूर खाली ढकलते आणि खोली भरून जाते. म्हणून पहिल्यांदा एक पेटता कागद नळीच्या तोंडाशी धरून ती गरम करून घ्यायची. मग छिलुक, म्हणजे राळेने भरलेल्या चिडाच्या चिपट्या, त्यावर अंगठ्याएवढ्या काटक्या, आणि त्या कडकडू लागल्या की बांजाचे दोन ओंडके. दहा मिनिटांनी झडप अर्धी. पूर्ण बंद कधीच नाही.

तीन-चार तासांना आठ-दहा किलो सुकं लाकूड लागतं. सुकं म्हणजे वर्षभर छपराखाली ठेवलेलं, दोन तुकडे एकमेकांवर आपटले की टणत्कार येणारं. ओल्या लाकडाचा आणि चिडाचा धूर नळीत डांबरासारखा जमतो आणि एखाद्या रात्री तोच पेट घेतो. हंगामात महिन्यातून एकदा नळी साफ व्हायला हवी, कधी झाली ते बिनधास्त विचारावं. लाकूड कुठून येतं हेही विचारावं. अभयारण्यात तोडीला बंदी आहे, तेव्हा घराकडे बाहेरून घेतलेल्या लाकडाची पावती असायला हवी.

झोपताना बुखारी विझू द्यायची, निखारे राखेखाली, खिडकी तशीच दोन बोटं उघडी. कोळशाची शेगडी तर बंद खोलीत क्षणभरही नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेत डोकं दुखल्याचंही कळत नाही, आणि दर हिवाळ्यात डोंगरात यानेच माणसं दगावतात. रात्री तापमान तीन ते सहा अंशांवर जातं. गरम पाण्याची रबरी पिशवी निजायच्या अर्धा तास आधी पांघरुणात ठेवली की बिछाना ऊबदार होतो आणि ती ऊब बराच वेळ टिकते.

चौथा दिवस : उतार

निघायचं साडेसातला, न्याहारी करून. उतारावर बुटांच्या नाड्या घोट्याशी घट्ट आणि बोटांशी सैल बांधाव्यात, नाहीतर अंगठ्याचं नख काळंनिळं होतं. आपण आणलेलं सगळं प्लास्टिक, शांपूच्या पुड्या, बॅटरीचे सेल, ओले रुमाल परत न्यायचे. घराच्या शोषटाकीत जंतूच मैला कुजवतात. ब्लीच किंवा ओले रुमाल तिथे गेले की ती तुंबते, आणि उपसायला इथे टँकर येत नाही.

परतीच्या वाटेवर फाटकाच्या बाजूला ‘खाली’ नावाची जुनी इस्टेट लागते. कुमाऊंचे आयुक्त हेन्री रॅमसे यांच्या काळापासूनची ही जागा १९३०च्या दशकात रणजित सीताराम पंडित आणि विजयालक्ष्मी पंडित यांचं घर झाली. पंडितांचं घराणं मूळ कोकणातल्या बांबुळी गावचं, पुढे राजकोटला स्थिरावलेलं. रणजित पंडित संस्कृतचे मोठे जाणकार, स्वातंत्र्यलढ्यात वारंवार तुरुंगात गेलेले. राजतरंगिणी या काश्मीरच्या राजांच्या संस्कृत इतिहासाचं त्यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर आजही अभ्यासक वापरतात. या नावाची ओळख महाराष्ट्रात फारशी उरलेली नाही, ती असायला हवी. म्हणून अर्धा तास थांबावं.

रात्रीची गाडी पकडायची असेल तर अल्मोड्याहून दुपारी बारापर्यंत निघालं पाहिजे. क्वारबला तासभर आणि कैंचीला तासभर धरूनच वेळ लावावी. दुपारी ताप, छातीत दुखणं असं काही वाटलं तर अल्मोड्यातच वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, ते ओलांडून काठगोदामची घाई करू नये. सामान उचलणाऱ्याचे आणि खेचरवाल्याचे पैसे घराच्या बिलात आहेत की वेगळे, हे घर सोडण्यापूर्वी विचारून घ्यावं आणि वेगळे असतील तर रस्त्यावर गाडीत बसण्याआधी त्यांच्या हातात द्यावेत. फोनवरून पाठवतो म्हटलं तर तिथे नेटवर्क नसतं.